आमची चामडी वही

वार्षिकासाठीं कांहीं तरी लिहून द्यावें असा संपादक-विद्यार्थ्यांचा तगादा सुरू झाला, तेव्हां विषय शोधीत असतां आमची दृष्टि मेजावरील वहीवर गेली. वर्गांतील मुलें तिला "मास्तरांचें पाकीट" म्हणतात, हें आम्हांस ठाऊक आहे. पाकिटासारखी ती दिसते खरी. परंतु तींत पैसे कधीं नसतात, हेंही त्यांस ठाऊक असावें.

वस्तुतः ही वही नव्हे. तें एक आवरण आहे. जाड चामड्याचा एकच तुकडा मधोमध दुमडलेला, त्याच्या कण्याशीं वर व खालीं भोकें, आणि त्यांतून ओवलेली रबरी दोरी. त्या दोरीखालीं पातळ वह्या सरकवावयाच्या. एक भरली कीं ती काढून दुसरी घालावयाची. शिवण नाहीं, खळ नाहीं. या घाटाची वही जपानांतील मिदोरी या नांवानें २००६ सालीं बाजारांत आली, आणि सुटीं पानें कड्यांत अडकविण्याच्या फायलोफॅक्स या रोजनिशीचा व्यवसाय तर लंडनमध्यें १९२१ सालचा. आमची मात्र साताऱ्याची. तेथील एका वृद्ध चप्पल-कारागिरास आम्हीं कागदावर आकृति काढून दाखविली. त्यांनीं कागद उलटसुलट केला आणि म्हणाले, "मास्तर, ही तर पायाऐवजी हातात घ्यायची चप्पल झाली!"

चपलेचेंच तें कातडें. बाभळीची साल व हिरडा यांनीं कमावलेलें. कोल्हापुरी चपलेस २०१९ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, त्यांत कोल्हापुराबरोबर सातारा, सांगली व सोलापूर हेही जिल्हे आहेत. तेव्हां आमच्या वहीनें स्वतःस चपलेची धाकटी बहीण म्हणविण्यास हरकत नसावी.

या आवरणांत आम्हीं तीन वह्या घातल्या. पहिली दिवसाच्या कामांची, दुसरी जमाखर्चाची, तिसरी वाचनांतील टिपणांची. प्रत्येकीवर सुवाच्य अक्षरांत नांव घातलें. एकीचा मजकूर दुसरींत जाऊं द्यावयाचा नाहीं असा आमचा कडक दंडक होता, आणि त्या टापटिपीचा आम्हांस थोडा गर्वही होता.

हा खटाटोप कांहीं नवा नव्हे. समर्थ रामदासांनीं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकांतील पहिलाच समास लेखनक्रियेस दिला आहे. कागदाच्या कडेस मोकळी जागा सोडावी, म्हणजे कागद झडला तरी अक्षरास धक्का लागत नाहीं. तरुणपणच्या दृष्टीवर विसंबून फार बारीक अक्षर काढूं नये, कारण म्हातारपणीं तें उपयोगी पडत नाहीं. यांतील दुसऱ्या उपदेशाचें मर्म आम्हांस चष्मा लागल्यावर कळलें. जुन्या बाडांत पदें, आरत्या व औषधांचे तोडगे खुशाल एकमेकांस लागून बसलेले असतात. दप्तरांची रीत निराळी. तेथें कागद सुटे. ते कापडी रुमालांत बांधून ठेवावयाचे, हवा तो काढावा, नवा घालावा. मिरजेच्या हायस्कुलांत शिक्षक असलेल्या वासुदेवशास्त्री खरे यांनीं पटवर्धन सरदारांच्या अशाच दप्तरांतून 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'चे खंड सिद्ध केले. आमचें चामडें म्हणजे एक लहानसा रुमालच, असें आम्ही मनाशीं म्हणत असूं.

ऑगस्ट २०१९ मध्यें कृष्णा कोपली. सांगलीस आयर्विन पुलापाशीं ४५ फूट ही धोक्याची पातळी. त्या वर्षीं पाणी ५७ फुटांवर चढलें. गांवभागांतील आमचें घर सोडून निघावें लागलें, तेव्हां चामडी वही पिशवींत होती. भरलेल्या जुन्या वह्या मात्र पत्र्याच्या ट्रंकेंत राहिल्या, आणि त्यांच्या तळाशीं आमच्या तीर्थरूपांची एक लांबट चोपडी होती.

पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली. आमच्या वह्यांतील निळी शाई पसरून वर्षानुवर्षांच्या टिपणांचा एकच डाग झाला होता. तीर्थरूप साताऱ्यास एका किराणा दुकानांत दिवाणजी होते आणि घरचा हिशेब नेहमीं शिसपेनीनें लिहीत. शिसें पाण्यांत पसरत नाहीं. त्यांच्या पश्चात् ती चोपडी आम्हीं कधीं वाचली नव्हती. हिशेबाच्या वहींत वाचावयाचें तें काय? परंतु आतां प्रत्येक पान सोडवून, मध्यें टीपकागद घालून, पंख्याखालीं वाळवावें लागलें, आणि वाळवितां वाळवितां वाचलें गेलें.

१९८८ च्या जून महिन्यांत नोकरीसाठीं आम्ही साताऱ्याहून सांगलीस आलों. आम्हीं साताऱ्यांतच राहावें अशी तीर्थरूपांची इच्छा होती. आदल्या रात्रीं शब्दानें शब्द वाढला, आणि सकाळीं त्यांच्याशीं न बोलतांच आम्ही एस्. टी. गांठली. पुढें येणेंजाणें सुरू झालें, सणवार झाले. परंतु त्या सकाळीविषयीं उभय पक्षीं कधीं एक अक्षरही निघालें नाहीं. त्या दिवसाच्या पानावर असें होतें :

"दूध १ लिटर. रॉकेल ५ लिटर. चि. सांगलीस गेला. बोलला नाहीं. मीही बोललों नाहीं. पोस्टकार्डें २."

आणि आठ दिवसांनीं, साखर व काडेपेटी यांच्या खालीं : "कार्ड लिहिलें. टाकलें नाहीं."

तें कार्ड चोपडींत नव्हतें. आम्हीं ट्रंकेंतील गाळसुद्धां चाळून पाहिला.

त्या रात्रीं आम्ही आपली चामडी वही उघडून बराच वेळ बसलों. असली ओळ यांपैकीं कोणत्या वहींत लिहिली असती? कामांच्या वहींत ती बसत नाहीं, जमाखर्चांत आमच्या दंडकानें येऊं शकत नाहीं, आणि वाचनाच्या टिपणांत थोरांचे विचार. म्हणजे आम्हीं ती लिहिलीच नसती. तीर्थरूपांपाशीं एकच चोपडी होती, म्हणून रॉकेलाशेजारीं तिला जागा मिळाली.

दिवाळीच्या सुटींत साताऱ्यास गेलों, तेव्हां त्याच कारागिरांस म्हटलें, चौथ्या वहीसाठीं आणखी एक दोरी लावून द्या. त्यांनीं आवरण हातांत घेऊन दाबून पाहिलें. "चार घातल्या तर मिटायचं नाही, मास्तर. एक कमी करा की!"

आम्हीं जमाखर्चाची वही काढली व तिच्या जागीं एक बिननांवाची घातली. हिशेब आतां तींतच जातो, आणि इतरही पुष्कळ जातें. मुलें वर्गांत विचारतात कीं मास्तर, या वहीवर नांव कां नाहीं? उत्तर देण्याचें आम्ही टाळतों. तें येथें लिहावें लागलें. गेल्या वर्षीं आमची कन्या शिक्षणासाठीं पुण्यास गेली. त्या दिवशींची नोंद दुधाच्या खालीं व रिक्षाभाड्याच्या वर आहे, शिसपेनीनें लिहिलेली. गाडी सुटण्यापूर्वीं आमचें काय बोलणें झालें तेंही तींत आहे. फार नाहीं, दोन ओळी.

तीर्थरूपांची चोपडी या आवरणांत मावत नाहीं. तिलाही कातड्याचें आवरण करून देतों असें ते कारागीर म्हणाले होते. आम्हीं नको म्हटलें. जुन्या धोतराच्या फडक्यांत बांधून ती माळ्यावर ठेविली आहे.