धाकट्याचा कोट

औशाच्या शाळेत गुरुजी ‘श्यामची आई’ वाचून दाखवायचे, तेव्हा अख्ख्या वर्गाला श्याम व्हायचं असायचं. दापोलीला शिकणारा श्याम खाऊचे पैसे साठवतो, धाकट्या भावाला कोट शिवतो आणि भर पावसात, दुथडी भरलेला पऱ्ह्या, म्हणजे ओढा, ओलांडून पालगडला पोचतो. आमच्या तावरजा नदीला पाणी आलं तरी गाव बघायला जायचं. पावसानं वाट अडते हे पटायलाच वेळ लागला. माझं लक्ष मात्र कोटावर. मी घरातला धाकटा. मोठा भाऊ अण्णा लातूरला शिकायला, त्याचे आखूड झालेले सदरे माझ्या अंगावर. नवा कोट मिळालेल्या श्यामच्या धाकट्या भावाचा, पुरुषोत्तमाचा, मला मनापासून हेवा वाटे.

श्याम म्हणजे पुस्तक लिहिणारे साने गुरुजी स्वतः आणि हा पुरुषोत्तम त्यांचा सख्खा धाकटा भाऊ, हे कॉलेजात कळलं. त्यांची आई १९१७ साली गेली; गुरुजींनी पुस्तक लिहिलं १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात, अवघ्या पाच दिवसांत. धाकट्याच्या आठवणीतला कोट कसा होता, हे माझ्या वाचनात आलं नाही.

लुइझा अल्कॉटच्या कादंबरीचा शान्ता शेळके यांनी केलेला अनुवाद, ‘चौघीजणी’, वाचतानाही धाकट्याची बाजू कोण सांगणार, हाच प्रश्न पडला. अल्कॉटनं आपल्या धाकट्या बहिणीवरून, मे हिच्यावरून, एमी रंगवली. एमी आपली प्रतिभा बेताची मानून मोठी चित्रकार होण्याचा नाद सोडते. खऱ्या मेचं चित्र १८७७ साली पॅरिसच्या सलाँमध्ये लागलं, तेव्हा कादंबरी कधीच छापून झाली होती.

आमची आई अंथरुणाला खिळली तेव्हा अण्णा नोकरीला पुण्यात, मी औशातच. आज चार माणसांत आईच्या गोष्टी सांगाव्यात त्या अण्णानंच. ऐकणारा डोळे पुसतो. मला आठवतात ते गोळ्यांच्या वेळा, आणि “अण्णा निघाला का रं?” हा तिचा रोजचा प्रश्न. सांगणाऱ्याला थोडं लांब जावं लागतं. उशाशी बसलेल्याला ती सोय नसते.

म्हणून आता पुस्तकातली शेवटची प्रकरणं मी वेगळ्या नजरेनं वाचतो. आईच्या अखेरच्या दिवसांत श्याम दूर होता, पुरुषोत्तम घरी. श्यामनं जे सांगितलं, ते आधी घरातल्या कुणीतरी त्याला सांगितलं असणार. आमचा अण्णाही बोलता बोलता अडतो आणि माझ्याकडे बघतो, तेव्हा तारीख मीच पुरवतो. त्या गोष्टीत माझा वाटा तेवढा आहे, आणि तो कमी नाही.