भाजणी आणि बँका

आमच्या सौ.च्या थालीपिठाच्या भाजणीला नावं ठेवायची हिंमत आमच्या घराण्यात कुणी करत नाही. (मी एकदा केली होती. त्या रात्री दूध-पाव खाऊन झोपलो.) त्यामुळे "मामी, तुझी भाजणी ऑनलाइन विकायची!" असं भाच्याने जाहीर केलं, तेव्हा मी माझं मत राखून ठेवलं. दुकानाचं नाव ठरलं 'मामीची भाजणी'. कागदपत्रं मात्र घाईघाईत माझी लावली. पॅन माझं, बँकेतलं खातंही माझं.

आठवड्याभरात पहिली ऑर्डर आली. ५०० रुपयांची, क्रेडिट कार्डावर! पडद्यावर 'पेमेंट यशस्वी' अशी हिरवी अक्षरं उमटली. सौ.ने देवापुढे साखर ठेवली. मी धावत जाऊन पासबुक भरून आणलं. त्यात छदामही नव्हता.

"मामा, अजून पैसे नाही, नुसता शब्द आलाय," भाचा म्हणाला.

मग त्याने मला जे समजावलं ते थेट लग्नाच्या बोलणीसारखं निघालं. गिऱ्हाइकाने घातलेला कार्डाचा नंबर आपल्याला दिसतच नाही. तो जातो पेमेंट गेटवे नावाच्या मध्यस्थाकडे. (१ ऑक्टोबर २०२२ पासून तर तो नंबर साठवून ठेवायलाही दुकानदाराला बंदी आहे.) आधी गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर ओटीपी पाठवून माणूस तोच ना, याची खूण पटवतात. कार्डावरच्या ऑनलाइन खरेदीला अशी जादा खूण रिझर्व्ह बँकेने २००९ च्या ऑगस्टपासून सक्तीची केली. मग गेटवे आपल्या बाजूच्या बँकेला सांगतो, ती बँक व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांपैकी ज्याचं कार्ड असेल त्याला गाठते आणि तो कार्ड देणाऱ्या बँकेचं दार ठोठावतो. ती बँक पत बघून 'हो' म्हणते आणि तो होकार त्याच वाटेने परत येतो. हे सगळं काही सेकंदांत! आमच्या लग्नाच्या वेळी नुसती पत्रिका परत यायला तीन आठवडे लागले होते.

"म्हणजे हा साखरपुडा," मी म्हणालो.

"बरोबर. लग्न दोन-तीन दिवसांनी."

तिसऱ्या दिवशी पैसे आले. ४९० रुपये. गेटवेचे आमच्या करारात ठरलेले दोन टक्के म्हणजे १० रुपये कापलेले. या दक्षिणेत बँकांचाही वाटा असतो, हे ऐकल्यावर सौ.ने एकच प्रश्न विचारला, "भाजणी भाजताना यांतलं कोण आलं होतं?"

मी गप्प बसलो. मीही गेलो नव्हतो.

खरी गंमत महिन्याने झाली. तेच ५०० रुपये परत मागितले गेले! याला म्हणतात चार्जबॅक, म्हणजे लग्न लागल्यावर नवरदेवाने 'ही कोण बाई?' असं विचारणं. गिऱ्हाइकाने आपल्या बँकेकडे तक्रार केली होती, आणि बँकेची मागणी आली त्याच साखळीतून उलटी. भाच्याने बिल, कुरियरची पावती, भाजणी पोचल्याची नोंद असा सगळा पुरावा पाठवला. सौ. मात्र दोन दिवस जेवली नाही. "माझ्या भाजणीत काय खोट निघाली?" एवढंच म्हणत होती.

भाजणीत खोट नव्हतीच. ऑर्डर मुलीने केली होती, कार्ड वडिलांचं होतं आणि ओटीपी त्यांनी दुपारच्या झोपेत सांगितला होता. महिनाअखेरीला हिशेबाच्या कागदावर त्यांना दिसलं एका अनोळखी गृहस्थाचं नाव. माझं! थालीपीठ खाताना उलगडा झाला तेव्हा त्यांनी बिचाऱ्यांनी तक्रार मागे घेतली. पैसे परत आले.

मी सुटकेचा श्वास सोडला. सौ.ने नाही सोडला.

"अहो, कष्ट माझे, चव माझी, आणि कागदावर नाव तुमचं?"

चाळीस वर्षांच्या संसारात या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हतं. त्याच आठवड्यात तिचं स्वतंत्र खातं उघडलं, कागदपत्रं नव्याने दिली. आता गिऱ्हाइकाच्या हिशेबात 'मामीची भाजणी' असं छापून येतं. माझी नेमणूक पार्सलं कुरियरवाल्याकडे पोचवण्यावर झाली आहे, बिनपगारी.

कपात तेवढीच होते, ५०० मागे १० रुपये. परवा मी तिला त्याची आठवण करून दिली, तर म्हणाली, "घेऊ द्या हो. माझं नाव तरी पोचवतात!"