धुरकऱ्याच्या गांवीं

वाहनाची परीक्षा दोनदां करावी, असें आमचे वडील म्हणत: एकदां तें धांवत असतांना आणि एकदां तें उभें असतांना. धांवतांना तें आपणांस काय देतें तें कळतें. उभें असतांना तें आपणांकडून काय मागतें तें कळतें. गेल्या माघांत आम्हांस उमरखेड तालुक्यांत जाण्याचा प्रसंग आला, आणि वडिलांच्या या बोलाचा अर्थ इतक्या वर्षांनीं पुरता ध्यानांत आला. त्यास दोन इटालियन मोटारी, दोन बैलजोड्या आणि घरांतील एक अवघड प्रश्न, इतकीं निमित्तें लागलीं.

प्रश्न असा होता. पैनगंगेच्या अलीकडे आमची वडिलोपार्जित शेती आहे व ती आमचा पुतण्या पाहतो. त्याची मुलगी नागपुरास अभियांत्रिकी शिकते. तिच्या फीचा हप्ता भरावयाचा होता आणि कापसाचा पैसा मागल्या कर्जांत गेलेला होता. तेव्हां गोठ्यांतील दोन जोड्यांपैकीं एक विकणें भाग होतें. कोणती विकावी यावर घरांत दोन पक्ष पडले. शेवटीं थोरल्या वहिनींनीं फोनवरून निरोप दिला, "भाऊजी, आतां तुम्हींच या. तुम्ही सांगाल तें सगळे ऐकतील." छत्तीस वर्षें उत्तरपत्रिका तपासून गुण देण्याची आमच्या हातास संवय, परंतु जिचा निकाल आपल्याच घरास भोगावा लागणार अशी उत्तरपत्रिका समोर आली म्हणजे लाल पेन्सिल जड होते.

आमच्या धाकट्या बंधूंचा नातू पुण्यास मोटारींच्या कारखान्यांत आहे. तो सुटींत यवतमाळास आला होता. त्यानेंच आम्हांस आपल्या लहानशा गाडींतून नेण्याचें पत्करलें. शहर मागें पडून रस्ता आर्णीकडे लागला तसें त्याचें बोलणें आवडत्या विषयावर आलें. "आबा, फेरारी बरी कीं लँबोर्गिनी?" असें त्यानें विचारलें. आमच्या निवृत्तिवेतनास हा प्रश्न केवळ शास्त्रार्थाचा होता. तरी वादाची गोडी जुनी, म्हणून आम्हीं त्यास पूर्वपक्ष मांडावयास सांगितलें.

त्यानें सांगितलें तें असें. उत्तर इटलींत मोडेना आणि बोलोन्या या शहरांच्या आसपास, एकमेकांपासून फार दूर नसलेल्या दोन गांवीं हे कारखाने आहेत. मारानेल्लोच्या एन्झो फेरारीची स्वतःच्या नांवाची पहिली मोटार 1947 सालीं निघाली. तिच्यावरील उधळलेला घोडा हें पहिल्या महायुद्धांतील वैमानिक फ्रान्चेस्को बाराक्का याचें चिन्ह. फेरुच्यो लँबोर्गिनी हा शेतकऱ्याचा मुलगा. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यानें ट्रॅक्टर बांधून पैसा मिळविला व फेरारीच्या मोटारी घेतल्या. त्यांतील खोडीविषयींची त्याची तक्रार एन्झोनें झिडकारली, म्हणून ईर्षेनें त्यानें 1963 सालीं आपला मोटारींचा कारखाना काढला, अशी कथा सांगतात. त्याची रास वृषभ, म्हणून चिन्ह बैल.

"पण चालवावयास?" आम्हीं विचारलें.

तेव्हां त्यानें दोन गाड्या समोरासमोर मांडल्या: 2015 सालीं आलेली फेरारी 488 आणि 2014 पासून 2024 पर्यंत निघत असलेली लँबोर्गिनी हुराकान. पहिलीस आठ सिलिंडर, दोन टर्बो, 670 अश्वशक्ति, आणि सगळा जोर मागच्या दोन चाकांना. दुसरीस दहा सिलिंडर, टर्बो नाहीं, पहिल्या रूपांत 610 अश्वशक्ति, आणि जोर चारी चाकांना वांटलेला. दोन्ही तीन सेकंदांच्या आसपास ताशीं 100 किलोमीटरचा वेग गांठतात. फरक कळतो तो हातांना. फेरारीचें चक्र हलकें आणि तिखट. मनांत आलें कीं नाक वळतें, आणि पाय अधिक पडला तर मागचा भाग सुटूं पाहतो, म्हणून चालविणाऱ्यास सदा जागें राहावें लागतें. लँबोर्गिनी जमीन धरून राहते आणि भरंवसा देते. तिच्या यंत्राचा श्वास मोकळा असल्यामुळें त्याचा स्वर चढत जातो तो अंगावर कांटा आणतो.

"आणि बाळगावयास?" या प्रश्नावर पूर्वपक्ष किंचित् मंदावला. दोहोंचें पोट जमिनीस इतकें जवळ कीं आपल्याकडील पहिलाच गतिरोधक त्यांस घाट वाटावा. विमा आणि टायर यांचा हिशेब लाखांत. फेरारीची कंपनी नव्या गाडीची ठराविक देखभाल सात वर्षें आपल्याकडे घेते. लँबोर्गिनी 1998 पासून जर्मनीच्या औडीच्या छत्राखालीं आहे आणि हुराकानच्या जातीचेंच इंजिन औडीच्याही एका गाडींत असे, म्हणून तिची प्रकृति निकोप असा लौकिक. मात्र बिघडली तर जाणता कारागीर मुंबईस, यवतमाळास नव्हे.

"तूं यांपैकीं कोणती चालविली आहेस?"

"एकही नाहीं, आबा. जवळून पाहिल्या आहेत आणि पुष्कळ वाचलें आहे."

उत्तर प्रामाणिक होतें. आम्हींही रघूचा दिग्विजय कित्येक वर्षें शिकविला, तो खुर्ची न सोडतां.

एव्हांना महागांव मागें पडलें होतें. या जिल्ह्याची ठेवण मोठी पाहण्यासारखी आहे. ईशान्येस वर्धा आणि दक्षिणेस पैनगंगा या दोन नद्यांनीं तो कवळलेला. वणीच्या पुढें त्या एकमेकींस मिळतात. मध्यें काळी जमीन, सागाचीं रानें आणि चोहोंकडे कापूस. माघांत वेंचणी सरत आलेली असते. वाळूं लागलेल्या पऱ्हाटीवर चुकार बोंडें तेवढीं पांढरीं दिसतात. नामांकित बैलही या भागास दोन्ही नद्यांपलीकडून आलेले. वर्धेपलीकडे आर्वीच्या बाजूस गवळाऊ. पैनगंगेपलीकडे नांदेड जिल्ह्यांत लाल कंधारी. पुतण्याच्या गोठ्यांत या दोन्ही जातींची एकेक जोडी होती, आणि आमचा खटला याच दोघींचा.

तिसऱ्या प्रहरीं गांवीं पोहोंचलों. चहा होतांच पुतण्यानें गोठा दाखविला. पांढरी गवळाऊ जोडी चारदाती: तोंड लांबट, शिंगें आंखूड, पोट आवळलेलें, कातडी अशी कीं माशी बसली तरी थरथरावी. डोंगरवाटांनीं हलक्या गाड्या वेगानें नेण्याबद्दल ही जात जुन्या काळापासून नांवाजलेली. लाल जोडी जुळलेली, म्हणजे दांत पुरे झालेली, आणि वयानें उतरणीस लागलेली: गडद तांबडा रंग, लांब लोंबते कान, शांत डोळे. पांढरी शंकरपटाची, लाल शेताची.

शंकरपट म्हणजे वऱ्हाडांतील बैलजोड्यांची शर्यत. 7 मे 2014 च्या निकालानें सर्वोच्च न्यायालयानें अशा शर्यती बंद केल्या होत्या. 16 डिसेंबर 2021 रोजीं महाराष्ट्रास त्या पुन्हां भरविण्याची मुभा मिळाली, आणि 18 मे 2023 रोजीं घटनापीठानें राज्याचा कायदा ग्राह्य धरला. आतां जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, जनावरांचे डॉक्टर बैल तपासतात, आणि चाबूक व तुतारी वर्ज्य. पट परत आले तशी पांढऱ्या जोडीची किंमत चढली; एक शौकीन तीन लाख रुपये रोख मोजावयास तयार होता. लाल जोडीस लाखाच्या वर कोणी बोलेना.

दुसऱ्या दिवशीं पहांटे आमची दोन्ही जोड्यांवर परीक्षा झाली. आम्हीं त्यांची घेतली म्हणण्यापेक्षां हेंच खरें. बैल हांकणारास इकडे धुरकरी म्हणतात. संस्कृतांत धुर् म्हणजे जुंवाचा, ओझें घेणारा भाग. धुरीण, धुरंधर, धौरेय हे शब्द त्यावरूनच. ज्यांस आपण धुरीण म्हणून व्यासपीठावर बसवितों त्यांचा मूळ अर्थ जुंवाखालीं मान दिलेला असा आहे, हें आम्हीं वर्गांत शेंकडों वेळां सांगितलें. पण प्रत्यक्ष धुरेवर बसलों तों त्या पहांटे प्रथमच.

छकड्यास पांढरी जोडी जुंपलेली होती. पुतण्यानें कासरा आमच्या हातीं दिला, वर आपला हात ठेवला, आणि किंचित् सैल सोडला. पुढें काय झालें तें क्रमानें सांगतां येणें कठीण. रथांत बसलेल्या दुष्यंतास लहान वस्तु क्षणांत मोठ्या आणि तुटक वस्तु सलग दिसूं लागतात, असें कालिदासानें शाकुंतलाच्या पहिल्या अंकांत दाखविलें आहे. त्याचें प्रात्यक्षिक आम्हांस नदीच्या वाटेवर मिळालें. पऱ्हाटीच्या ओळी मिसळून एक झाल्या. बैलांच्या मानेचें प्रत्येक स्फुरण कासऱ्यांतून तळहातास कळत होतें. भीति वाटली, आणि थांबल्यावर वाईट वाटलें. आम्ही उतरलों तेव्हां नातू हंसून म्हणाला, "आबा, चिन्ह बैलाचें असलें तरी ही फेरारी!"

नंतर लाल जोडी बंडीस जुंपली. लोखंडी धांवेचीं चाकें दगडांवरून कुरकुरत निघालीं. येथें कासऱ्याचें कांहीं काम नव्हतें. शेताच्या फांट्यावर जोडी आपण होऊन वळली आणि बांधावरील चिंचेखालीं थांबली. कामाच्या बाया तेथें उतरतात हें तिला ठाऊक. पुतण्या म्हणाला, "काकाजी, डवरणीला या दोघांना कांहीं सांगावें लागत नाहीं. तास संपला कीं आपले आपण वळतात." पावसाळ्यांत कापूस गुडघ्याच्या वर आला म्हणजे ट्रॅक्टरखालीं झाडें मोडतात, तेथें दोन ओळींमधून डवरा ओढीत, पान न दुखवितां जाणारा बैलच लागतो. या जोडींत वेगाचें सुख नाहीं. परंतु आपली विद्या दुसऱ्याच्या अंगांत उतरलेली पाहण्याचें जें सुख शिक्षकास असतें तें आहे.

उभ्या वाहनाचा हिशेब वहिनींनीं सांगितला. पांढऱ्या जोडीस सरकीची ढेप, हरभऱ्याचा भरडा, दूध, मालीश आणि रोजची फेरी; पटाचा हंगाम सरला तरी खर्च बारमास. लाल जोडी कुटार आणि कडब्यावर राहते, वर थोडी ढेप, आणि घरचें काम करून शेजाऱ्यांच्या डवरणीचे पैसेही आणते. लँबोर्गिनीच्या मोटारी जशा ट्रॅक्टरच्या पैशावर उभ्या राहिल्या, तसा आमचा छकडा बंडीच्या जिवावर धांवत होता. म्हणून वहिनींचा पक्ष: पांढरी विकावी. पुतण्याच्या धाकट्या भावाचा पक्ष उलट होता, आणि तो पोरकट नव्हता: लाल जोडी म्हातारी होत आहे, आज लाख येतो, दोन वर्षांनीं कांहीं येणार नाहीं, चढती वस्तु ठेवावी, उतरती विकावी, डवरणीस भाड्याची जोडी आणावी. पुतण्या स्वतः कांहींच बोलत नव्हता.

दुपारीं जवळच पट होता. धुळींतून पांढरी जोडी आली आणि गेली; सेकंदांचे शतांश मोजणारें यंत्र होतें म्हणून ती धांवली असें म्हणावयाचें. वेळेच्या फलकाकडे सर्वांच्या माना वळल्या. पुतण्या मात्र खालीं उतरून प्रथम बैलांच्या खांद्यांवर हात फिरवून पाहत होता. हें पाहिलें आणि निकाल देणें आम्हांस आणखी अवघड झालें.

रात्रीं अंगणांत सर्व बसले. आम्हीं निकालाआधीं एक जुनी गोष्ट सांगितली. 1972 च्या दुष्काळांत आमच्या वडिलांपुढेंही हाच प्रश्न होता. एक जोडी दमणीची, तरणी. एक शेताची, थकलेली. पुढल्या वर्षीं थकलेल्या जोडीस कोणी विचारणार नाहीं असा हिशेब करून वडिलांनीं ती बाजारांत नेली. हिशेब बरोबर होता. आम्ही बारा वर्षांचे, बरोबर गेलों होतों. दावें घेणारा मनुष्य कोण, कोठला, हें वडिलांनीं विचारलें नाहीं. आम्हीं विचारूं लागलों तेव्हां त्यांनीं आमचा हात दाबला. त्यानंतर दमणींत बसतांना ते कधीं बैलांकडे पाहत नसत. आणि वाहनाची परीक्षा दोनदां करावी हा त्यांचा बोल आम्हीं प्रथम ऐकला तो त्या वर्षानंतरच.

मग आम्हीं सांगितलें: ज्या जोडीचें दावें कोणाच्या हातीं जातें हें विचारण्याची आपणांस लाज वाटणार नाहीं ती विकावी. पांढरीस घेणारा ती हौसेनें नेईल, आपल्याहून अधिक खाऊं घालील. लालीस आपणांवांचून कोणी नाहीं. ती पुढें कांहीं मिळवो वा न मिळवो, आपल्याच गोठ्यांत म्हातारी व्हावी.

पुतण्या उठून गोठ्याकडे गेला. वहिनी म्हणाल्या, "जाऊं द्या त्याला." नातू हळूच म्हणाला, "आबा, लँबोर्गिनीचाही ट्रॅक्टरचा धंदा अडचणींत आला आणि त्यानेंही 1972 सालींच मोटारींच्या कारखान्याचा मोठा हिस्सा विकला. उरलेला 1974 सालीं. मग उंब्रिया प्रांतांत द्राक्षांची शेती केली, ती 1993 सालीं वारेपर्यंत." बैलाचें चिन्ह लावणारा तो दूरदेशींचा कुणबी त्या रात्रीं आम्हांस आप्तासारखा वाटला.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं घेणारा आला. त्यानें पैशाची पिशवी बाजूस ठेवली आणि प्रथम विचारलें, "भाऊ, उजवीकडे कोणता चालतो? पाणी किती वेळां पाजतां?" दोन दिवस न बोललेला आमचा पुतण्या बोलूं लागला तो अर्धा तास बोलतच होता. कोणता बैल विजेच्या कडकडाटास बुजतो, कोणास भरडा भिजवून लागतो, सगळें त्यानें सांगितलें. आणि तो मनुष्य तें एका वहींत लिहून घेत होता. दावें हातावेगळें करतांना पुतण्याचा हात कांपला. पण त्यानें मान खालीं घातली नाहीं. वडिलांची त्या दिवशींची मान आम्हांस आठवली, आणि आपण गुण बरोबर दिले असें वाटलें.