आडनावानंतरचे प्रश्न

दिग्रसमध्ये मला कुणी आडनाव विचारत नाही. बसस्टँडवर किंवा पानठेल्यावर एखादा म्हातारा डोळे बारीक करून बघतो आणि म्हणतो, "कोनाचा व्हय बे तू?" मी सांगतो, "वायरमनचा." तेवढ्यावर त्याचं भागतं. वायरमन म्हटलं की घर कळतं, घर कळलं की वस्ती कळते आणि वस्ती कळली की पुढचं सगळं कळतं. यवतमाळहून दारव्ह्यावरून पुसदकडे जाताना लागणारं हे तालुक्याचं गाव. निळे झेंडे कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात, हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. त्यामुळे 'मी कोण' हा प्रश्न मला गावात असेपर्यंत पडलाच नाही. उत्तर माझ्या आधीच सगळ्यांकडे होतं.

प्रश्न पडला तो पुण्यात.

माझं आडनाव इंगोले, वानखडे, भगत यांच्या जातकुळीतलं आहे. म्हणजे विदर्भात ते कुणब्यांत सापडतं, बौद्धांत सापडतं, शोधलं तर आणखी दोन-तीन ठिकाणी सापडतं. पुण्यातल्या माणसाला त्यावरून काही कळत नाही आणि आपल्याला कळलेलं नाही, हे त्याला सहन होत नाही. मग चौकशी सुरू होते. मूळ गाव? शेती आहे का? किती एकर? कुलदैवत कोणतं? घरी गणपती दीड दिवसाचा का पाच? यातला एकही प्रश्न जातीबद्दल नाही. सगळे मिळून मात्र दुसऱ्या कशाबद्दलच नाहीत.

याची उलटी गंमतही असते. माझ्याबरोबर शाळेत असलेला एक चव्हाण दिग्रसजवळच्या तांड्यावरचा आहे. आमच्याकडे चव्हाण, राठोड, जाधव, पवार म्हटलं की आधी बंजारा डोळ्यांसमोर येतो. पुण्यात मात्र तो पहिल्याच दिवशी आपोआप मराठा झाला. दोन वर्षं लोक त्याला 'पाटील' म्हणत होते. मग एकदा त्याच्या आईचा फोन आला, तो गोरमाटीत बोलला आणि पाटीलकी तिथेच संपली.

२०१९ च्या जूनमध्ये मी पुण्यात भाड्याचा फ्लॅट शोधत होतो. एजंटने एका दुपारी दोघांना एकदमच बोलावलं होतं. दुसरा होता सुदानहून आलेला एक विद्यार्थी. उंच, गडद काळा, इस्त्रीचा शर्ट, हातात कागदपत्रांची फाईल. घरमालकाने दार उघडलं, त्याच्याकडे पाहिलं आणि एजंटला मराठीत म्हणाला, "अरे, निग्रो लोकांना नाही देत आपण." मग त्या मुलाला इंग्रजीत म्हणाला, सॉरी, फ्लॅट गेला. मला मात्र आत बोलावून पाणी दिलं. गाव विचारलं, शेती विचारली, नॉनव्हेज विचारलं. मी दिग्रस म्हटलं, शेती नाही म्हटलं, वडील वीज मंडळात म्हटलं. "हो, पण तुम्ही म्हणजे नक्की कुठले?" मी म्हटलं, "बौद्ध." मग तो पाणी प्यायला, खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाला की मुलगा परदेशातून यायचा आहे, आठवडाभराने कळवतो.

त्याचं काम एका मिनिटात झालं होतं. माझ्या कामाला पंधरा मिनिटं लागली.

खाली तो टपरीवर उभाच होता. आम्ही चहा घेतला. त्याला वाटलं, मला घर मिळालं. नाही म्हटल्यावर तो खरंच गोंधळला. "पण तू तर त्याच्यासारखाच दिसतोस." आता या वाक्याला काय उत्तर देणार? मी कटिंग चहाच्या दोन ग्लासांत जातिव्यवस्था समजावायला बसलो. तो म्हणाला, मग दुसरं आडनाव सांगायचं. मी म्हटलं, त्यानंतर गाव विचारतात. मग दुसरं गाव सांगायचं. मग तिथले पाहुणे विचारतात. तो बराच वेळ हसला. मग म्हणाला की खार्टूममध्ये तो काळा नव्हताच. तिथे त्याच्याहून काळे असलेल्यांना, दक्षिणेकडून आणि नुबा डोंगरांतून आलेल्यांना, गुलाम या अर्थाचा शब्द वापरतात आणि लहानपणी तो शब्द त्यानेही ऐकला होता, घरातच. पुण्यात उतरला आणि रिक्षावाल्याने 'ए कालू' म्हटलं, तेव्हा तो काळा झाला.

तुमचं झाकता येतं, आमचं येत नाही, असं तो म्हणाला. ते खरं आहे. पण झाकण्याचा हिशेब ठेवावा लागतो. कुणाला काय सांगितलं, कुणासमोर जेवताना 'जयभीम'वाल्या मित्राचा फोन उचलायचा नाही, चौदा एप्रिलची रजा कोणत्या कारणाने टाकायची. बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ सालचा. त्याच नावाच्या कथेतला तरुण रेल्वेच्या नोकरीसाठी गुजरातेत जातो आणि तिथे जात न सांगता राहतो. उघड झाल्यावर मार खातो. अमेरिकेतही हे चोरणं होतं. ज्या काळ्यांचा रंग उजळ होता, त्यांतले काही गोरे म्हणून वावरायचे, आणि नेला लार्सन या लेखिकेने १९२९ साली त्यावरच एक कादंबरी लिहिली. तिच्यातल्या बाईची अडचण बागुलांच्या नायकासारखीच आहे. जीव जाईल ही भीती आहेच, पण त्याआधी रोजच्या गप्पांत सावध राहण्याचा शीण आहे.

दलितांची काळ्यांशी तुलना ही हल्लीच्या इंटरनेटवरची कल्पना आहे, असं काही मित्रांना वाटतं. जोतीरावांनी 'गुलामगिरी' १८७३ साली काढली, तेव्हा तिची अर्पणपत्रिकाच अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना होती ज्यांनी तिथल्या काळ्यांना गुलामीतून सोडवायला हातभार लावला. अमेरिकेतली गुलामगिरी घटनेने संपून तेव्हा आठच वर्षं झाली होती. पुण्यात बसलेल्या माळ्याच्या मुलाला हे दिसलं, ही गोष्ट मला शाळेत कुणी सांगितली नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते. हार्लेम तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. पुढे १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या दोन-तीन प्रती मागितल्या आणि दोघांची स्थिती इतकी सारखी आहे की त्यांचा अभ्यास आम्हाला आवश्यकच आहे, अशा अर्थाचं म्हटलं. ड्यू बॉइसनी उत्तर दिलं, तुमचं नाव मला माहीत आहे, अस्पृश्यांबद्दल मला सहानुभूती आहे. पत्रं छोटी आहेत. फोनवर दोन मिनिटांत वाचून होतात.

मग १९७२. मुंबईत दलित पँथर. नाव सरळ अमेरिकेच्या ब्लॅक पँथरवरून घेतलेलं. पण तिकडच्या पँथरची जन्मकथा मला जास्त आवडते. अलाबामातल्या लाउन्ड्स परगण्यात काळ्यांनी स्वतःचा पक्ष काढला. तिथे मतपत्रिकेवर पक्षाचं चिन्ह लागायचं, कारण कित्येकांना वाचता येत नव्हतं. यांनी काळा बिबट्या घेतला. तोच बिबट्या १९६६ मध्ये ओकलंडच्या पोरांनी उचलला. म्हणजे मुळात ते निवडणूक चिन्ह होतं, आपल्याकडे शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती होता तसं. आमच्या घरी आजीला वाचता येत नव्हतं, पण हत्ती कुणाचा हे माहीत होतं. राजा ढालेंचा गाजलेला लेख त्याच १९७२ च्या ऑगस्टमध्ये 'साधना'त आला, 'काळा स्वातंत्र्यदिन'. मला या नावाची जरा मौज वाटते. नाव काळ्या बिबट्याचं घेतलं, पण वाईट दिवसाला विशेषण पुन्हा 'काळा'च. भाषा एवढ्यात सुटत नाही.

तुलना कुठे लंगडते, हेही कळतं मला. मार्टिन ल्यूथर किंग १९५९ मध्ये भारतात आले होते. पुढे १९६५ च्या एका प्रवचनात त्यांनी सांगितलं की केरळातल्या अस्पृश्यांच्या शाळेत मुख्याध्यापकाने त्यांची ओळख अमेरिकेतले आपलेच एक अस्पृश्य बांधव अशी करून दिली. आधी त्यांना धक्का बसला, थोडा रागही आला. मग विचार केला आणि मान्य केलं. सगळे त्यांचा स्वीकारच सांगतात. मला तो राग जवळचा वाटतो. दुसऱ्याचं दुःख आपल्याला चिकटवलं की पहिल्यांदा माणूस अंग चोरतोच. २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइडला पोलिसाने मारलं, तेव्हा माझ्या ओळखीच्या अर्ध्या लोकांनी इन्स्टाग्रामवर काळा चौकोन टाकला. त्यांतल्याच एकाने त्याआधी कँटीनमध्ये मला विचारलं होतं, "तुमच्यात लग्नं विहारातच लावतात ना?" 'तुमच्यात' हा शब्द त्याने इतक्या सहज उच्चारला होता की त्याला तो ऐकूही आला नसावा.

लॉकडाऊनमध्ये मी दिग्रसला परतलो आणि राल्फ एलिसनची 'इनव्हिजिबल मॅन' वाचली. १९५२ ची कादंबरी. दक्षिणेतला एक हुशार काळा मुलगा, कॉलेजातून काढलेला, न्यूयॉर्कला येतो. जो भेटतो तो त्याला काहीतरी बनवू पाहतो. एक संघटना तर त्याला नवं नावच देते. शेवटी तो एका तळघरात राहायला जातो आणि तिथे १,३६९ बल्ब लावतो. वीज कंपनीची चोरून घेतलेली. लोकांना मी दिसत नाही, म्हणून मला उजेड हवा, असं त्याचं म्हणणं. साहित्याच्या विद्यार्थ्याला इथे काय काय सुचेल. मला पहिलं सुचलं ते: याने आकडा टाकलाय.

बाबांना सांगितलं. ते अंगणात पंख्याची मोटर उघडून बसले होते.

"केवढ्याचे बल्ब?"

"जुने तारेचे. साठचे धरा."

त्यांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "ब्याऐंशी किलोवॅट झाले ना बे. त्रेसष्टचा डीपी उडन त्याच्यानं. एकट्या मानसाले कायले पायजे एवढा उजेड?"

मी सांगायचा प्रयत्न केला. ते ऐकत होते. त्यांनी नोकरीची तीस वर्षं खांबावर काढली. रात्री दोनला पावसात एखाद्या गावात डीपी दुरुस्त करायला गेले की अख्खं गाव टॉर्च घेऊन खाली उभं राहायचं. लाइट आली की पोरं ओरडायची. मग कुणाच्या तरी ओसरीवर चहा यायचा. काही गावांत बाबांचा कप वेगळा असायचा, दांडी तुटलेला, ओसरीच्या वळचणीला ठेवलेला. कप धुऊन ठेवायचा तोही त्यांनीच. ते मला हे अगदी निर्विकारपणे सांगत होते, जसं कोणत्या फीडरवर कोणतं गाव आहे हे सांगावं तसं. एका गावात मात्र त्यांनी चहा नाकारला, खाली उतरले, सायकल घेतली आणि निघाले. महिन्याभराने तिथली लाइट पुन्हा गेली. पुन्हा तेच गेले, दुरुस्त केली. "लाइटीवर राग नाही काढत आपन," ते म्हणाले.

त्या कादंबरीत रंगाचा एक कारखाना आहे. तिथला पांढरा रंग सरकारी इमारतींना जातो, आणि तो झकास पांढरा व्हावा म्हणून प्रत्येक डब्यात दहा थेंब काळं टाकून ढवळतात. टीकाकारांनी यावर पानंच्या पानं लिहिली आहेत. बाबांना मात्र त्यात नवल वाटलं नाही. "चुन्यात नीळ टाकतोच ना आपन," म्हणाले. "नाही तं पिवया दिसते."

आता मी पुण्यात विचारायच्या आधीच सांगतो. शौर्य म्हणून नाही, वेळ वाचतो म्हणून. आडनाव, दिग्रस, बौद्ध, एका दमात. त्यातून दोन घरं गेली, तिसरं मिळालं. सुदानचा तो मुलगा शेवटी गावाबाहेरच्या एका सोसायटीत गेला. तिथे त्याच्या देशाचे आणखी चौघे होते. भाडं आमच्या इमारतीपेक्षा दीडपट. शिक्षण संपवून तो परत गेला आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये खार्टूममध्ये युद्ध पेटलं. जूनमध्ये त्याचा मेसेज आला, कैरोहून. घर शोधतोय, म्हणाला. लोक विचारतात, सुदानमध्ये नक्की कुठले.

दर चौदा एप्रिलला मी गावी असतो. वस्तीतल्या लायटिंगचं काम अजून बाबांकडेच आहे. विहारापासून कोपऱ्यापर्यंत माळा, पुतळ्यावर दोन फोकस, मिरवणुकीच्या गाडीला जनरेटर. गावात कोणत्याही उत्सवाला सर्रास आकडा टाकतात, कुणी काही म्हणत नाही. पोरं दरवर्षी म्हणतात, काका, एका रात्रीचा तर प्रश्न आहे. बाबा आठ दिवस आधी ऑफिसात जाऊन अर्ज देतात, पैसे भरतात, टेम्पररी मीटर लावून घेतात. पावती ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मीटरच्या पेटीतच टाचून ठेवतात.