बंधुता शोधताना

शाळेत रोज वंदनेनंतर आम्ही संविधानाची उद्देशिका म्हणत असू. मुखोद्गत गोष्टीचा विचार करण्याची वेळ सहसा येत नाही. ती आमच्यावर दहावीत आली, एका निबंधामुळे. राष्ट्राच्या पायाभूत तत्त्वांवरील चार मूळ कागद वाचावेत, त्यांची सांगड घालावी आणि निष्कर्ष स्वतःच्या शब्दांत मांडावा, एवढीच गुरुजींची अट होती.

पहिला कागद होता पंडित नेहरूंचा उद्दिष्टांचा ठराव. 13 डिसेंबर 1946 रोजी तो संविधान सभेत मांडला गेला आणि 22 जानेवारी 1947 रोजी संमत झाला. त्यात न्याय आहे, स्वातंत्र्य आहे, समानता आहे. बंधुता मात्र नाही. ती आली कोठून? उत्तर दुसऱ्या कागदात सापडले. 21 फेब्रुवारी 1948 च्या पत्रात मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्पष्ट केले आहे, की ठरावात नसलेली बंधुता समितीने जाणीवपूर्वक उद्देशिकेत घातली. कारण बंधुभावाची इतकी निकड देशाला पूर्वी कधीच नव्हती. त्या दिवशी आमची तीर्थपुरी निजामाच्या राज्यात होती. मराठवाडा मुक्त झाला तो 17 सप्टेंबर 1948 रोजी. आमच्या आजोबांना नागरिकत्व लाभण्यापूर्वीच त्यांच्यासाठी हा शब्द लिहून ठेवलेला होता!

तिसरा कागद 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणाचा. राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, या विसंगतीचा इशारा बाबासाहेबांनी त्यात दिला. हे समजण्यास आम्हांला शब्दकोश लागला नाही. आमच्यापैकी अनेकांचे आईवडील दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जात. मतपेटीपाशी त्यांचे मत मुकादमाच्या मताइतकेच मोलाचे. फडात मात्र उचल फिटेपर्यंत त्यांचा शब्द चालत नसे.

येथे वर्गात दोन तट पडले. काहींचे म्हणणे, आधी समता हवी. उपाशी माणसाला बंधुतेचे पाठ देणे ही थट्टा आहे. इतरांचे म्हणणे, कायदा समान हक्क देईल, पण शेजारच्याला आपला मानायला कोणता कायदा लावील? चौथ्या कागदाने वाट दाखवली. 3 ऑक्टोबर 1954 च्या आकाशवाणीवरील भाषणात बाबासाहेबांनी सांगितले, की ही तत्त्वत्रयी आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून नव्हे, तर बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली.

मग आम्ही लिहिले: समता मागता येते, तिच्यासाठी न्यायालयात जाता येते, बंधुता आचरावी लागते. परंतु जो समता नाकारतो, त्याच्या तोंडी बंधुता शोभत नाही. वसतिगृहात एका पंगतीला बसून आणि पाळीपाळीने एकमेकांची ताटे घासून आम्ही तिची ओळख करून घेतली होती.

आज आमच्यापैकी कुणी शिक्षक आहेत, कुणी कर्मचारी, कुणी शेतकरी. ज्यांच्या हाताखाली माणसे आहेत, त्यांना या निबंधाचा पुढचा परिच्छेद अजून लिहायचा आहे.