अठ्ठावीस दिवस

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आमची लिफ्ट आली. पोरांनी टेम्पोतून दोन निळे खांब उतरवले, चार आडवे हात उतरवले, मोटर, पंप, तेलाचे पाइप, पोलादी दोर आणि शेवटी एक जड डबा. डब्यात वीतभर लांबीचे जाड बोल्ट होते. मी त्या बोल्टांकडे बघितलंसुद्धा नाही. मोबाइलवर शंभर वेळा बघितलेली टू-पोस्ट लिफ्ट आता उमरग्याजवळ, सोलापूर-हैदराबाद हायवेच्या कडेला, आमच्याच पत्र्याच्या शेडमध्ये आडवी पडली होती. मी फोटो काढला आणि स्टेटसला टाकला. खाली लिहिलं, ‘लवकरच’.

त्या ‘लवकरच’ला पुढे सहा आठवडे लागले.

बरोबर आलेला फिटर घाईत होता. त्याला संध्याकाळपर्यंत दुसऱ्या गावाला पोहोचायचं होतं. म्हणाला, “काका, भोकं पाडायची, बोल्ट ठोकायचे, तीन तासांत गाडी वर.” अण्णा काही बोलले नाहीत. हातोडी घेतली, उकिडवे बसले आणि फरशीवर ठोकत ठोकत शेडभर फिरले. मडकं घेताना बायका टिचकी मारून बघतात ना, तसं. तीन-चार ठिकाणी आवाज पोकळ आला. अण्णा उठले आणि म्हणाले, “इथं नाही उभी करायची.”

“मग कुठं?”

“इथंच. पण ही फरशी काढून.”

मी चिडलो. लिफ्ट कर्जावर घेतली होती आणि पहिला हप्ता मे महिन्यात होता. फिटरसमोर मी अण्णांना म्हणालो, “तुम्हाला नवं काही नकोच असतं.” हे खरं नव्हतं. लिफ्ट घ्यायचं अण्णांनीच ठरवलं होतं आणि त्याचं कारण मला माहीत होतं.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे कामाला असलेला एक पोरगा जीपखाली झोपून गिअरबॉक्स उतरवत होता. गाडी जॅकवर होती. घोड्या कोपऱ्यात पडलेल्या, कारण काम ‘पाच मिनिटांचं’ होतं. जॅक फरशीत किंचित रुतला, तिरपा झाला आणि निसटला. अण्णांची जुनी सवय म्हणून गाडीखाली स्टेपनी सरकवलेली होती. गाडी तिच्यावर आदळली आणि अडली. पोराचं खांद्याचं हाड मोडलं, जीव वाचला. दुसऱ्या दिवशी त्याची आई गॅरेजवर आली. भांडली नाही, रडली नाही. दारातच उभी राहून एवढंच म्हणाली, “अण्णा, बरा झाल्यावर त्याला परत खालीच घालणार का?”

अण्णांना उत्तर देता आलं नाही. पोरगा बरा होऊन परत आला, पण अण्णांनी त्याला नंतर कधी गाडीखाली जाऊ दिलं नाही. स्वतः जायचे. पन्नाशीला आलेला माणूस, गुडघे दुखतात, तरी स्वतः. मागच्या बाजूला आमचा खड्डा होता, त्यात उतरून काम करता यायचं. पण खड्ड्याची वेगळी भीती. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचून राहते. एका ठिणगीचं काम. म्हणून लिफ्ट.

मोटारीची लिफ्ट तशी शंभर वर्षांची आहे. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात पीटर लुनाटी नावाच्या मेकॅनिकला ती १९२५ च्या सुमाराला सुचली, न्हाव्याच्या वरखाली होणाऱ्या खुर्चीवरून. माणूस खुर्चीसकट वर जातो, तर गाडी का नाही? त्याची लिफ्ट जमिनीतून वर येणाऱ्या एकाच जाड दट्ट्यावर होती. दोन खांबांची नंतर आली. तिच्यात गाडीची चारही चाकं मोकळी राहतात आणि मधली सगळी जागा कामाला मिळते. पण मग सगळा भार दोन खांबांच्या बुडाशी असलेल्या बोल्टांवर येतो.

अण्णांनी मला हे घागरीवरून समजावलं. भरलेली घागर कमरेवर घेतली तर माणूस निवांत चालतो. तीच घागर हात लांब करून पुढं धरली तर टाचा उचलायला लागतात. लिफ्टचे हात असेच आतल्या बाजूला लांब झालेले असतात. बोलेरोसारखी दीड टनाच्या वरची गाडी त्या हातांवर बसली की दोन्ही खांब आत, एकमेकांकडे झुकायला बघतात आणि बाहेरच्या बाजूचे बोल्ट जमिनीतून उपसायला लागतात. खांबाची टाच म्हणजे ते बोल्ट. “आणि बोल्ट कशाला धरून बसणार?” अण्णांनी विचारलं. “ह्या फरशीला?”

दुसऱ्या दिवशी फरशी फोडली. ती अडीच इंचांची निघाली. खाली सोलिंग नाही, थेट काळी माती. आमच्याकडची काळी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात शेतात भेगा पडतात, त्यात हात कोपरापर्यंत जातो. तिच्यावरची फरशी दरवर्षी थोडी उचलली जाते, थोडी बसते. लिफ्टसोबत आलेली पुस्तिका मी तोपर्यंत उघडली नव्हती. त्या रात्री उघडली. भेगेवर, सांध्याजवळ, काँक्रीटच्या कडेला किंवा खाली पोकळी असलेल्या जागी खांब उभा करू नये, असं पहिल्याच पानांवर छापलं होतं. आमच्या फरशीत यातलं सगळंच होतं.

तीन फुटांपर्यंत काळी काढली, तेव्हा मुरूम लागला. मग थर थर मुरूम भरायचा, पाणी मारायचं, धुमसायचं. दोन्ही खांबांना मिळून एकच सलग पट्टा घ्यायचा ठरला, चौदा फूट लांब, सहा फूट रुंद, एक फूट जाड. खाली-वर सळयांची जाळी. काँक्रीट एम-२५. मागचा खड्डा या पट्ट्याच्या फार जवळ येत होता, म्हणून तोही मुरूम घालून बुजवला. काँक्रीट ओतायच्या आधी अण्णांनी मला जाळीवर टेप पसरून मोबाइलवर फोटो काढायला लावले. “नंतर भोकं पाडताना सळई कुठं हाय ते दिसलं पाहिजे.” स्टेटससाठी काढलेल्या फोटोंपेक्षा हे फोटो जास्त कामाला आले.

एप्रिलच्या शेवटी काँक्रीट ओतलं. गवंडी हात धुता धुता म्हणाला, “आता अठ्ठावीस दिवस हात लावू नका.” आणि अण्णांनी मातीची पाळ घालून पट्ट्यावर दोन बोटं पाणी भरलं.

दोन बोटं म्हणजे किती, याचा हिशोब मी केला. जवळपास चारशे लिटर. दोन पिंपं. वर रोज उडून जाईल ते वेगळं. आणि आमच्या गल्लीत नळाला तेव्हा आठवड्यातून एकदा पाणी यायचं. २०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ते आमच्याकडं कुणी विसरलेलं नाही. शेजारची आजी शेडच्या दारात थांबून म्हणाली, “माणसांना प्यायला नाही अन् जमिनीला पाजायलेत.” टँकरवाल्याला मी पैसे देत होतो आणि मान खाली घालत होतो.

तिसऱ्या दिवशी रात्री मी अण्णांना स्पष्टच म्हणालो, “एवढं पाणी अठ्ठावीस दिवस नाही पुरवू शकत. आठ दिवसांत बसवू. सगळे बसवतात.”

अण्णा अंगणात बाजेवर पडले होते. ते बारा महिने अंगणातच झोपतात. पाऊस आला तर पडवीत, पण घरात नाही. लहानपणापासून मी हे बघतोय आणि उकाड्यामुळे असेल म्हणून कधी विचारलंही नाही. त्या रात्री ते आपणहून बोलले.

१९९३ साली ते सतरा वर्षांचे होते. गाव सास्तूरच्या अंगाला. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून पोरं उशिरा घरी आली. अण्णा मित्रांबरोबर देवळाच्या पारावरच झोपले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. किल्लारीचा भूकंप म्हणून जग ज्याला ओळखतं, त्यात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली सुमारे ८,००० माणसं गेली. ५२ गावं पूर्ण उठवून दुसरीकडं वसवावी लागली. आमचं घर माळवदाचं होतं. दगड-मातीच्या दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, वर लाकडं आणि लाकडांवर मातीचा थर. दर पावसाळ्याआधी गळती नको म्हणून आणखी माती. अण्णांचे आजोबा आणि धाकटी बहीण आत झोपले होते.

“भिंती केवढ्या जाड होत्या,” अण्णा म्हणाले. “आम्हाला वाटायचं, जाड म्हणजे मजबूत. दगडाला दगड धरून नव्हता रे. नुसती माती होती मधी. अन् वर एवढं वजन.”

नंतर मी वाचलं. १९९३ मध्ये भूकंपाच्या नकाशावर आमचा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ च्या नकाशात तो तिसऱ्या पट्ट्यात गेला. म्हणजे त्या रात्री माळवदाखाली झोपलेल्यांना कुणी काही सांगितलेलंच नव्हतं. आम्हाला मात्र सांगितलं होतं. पुस्तिकेत छापून दिलं होतं, गवंड्यानं तोंडानं सांगितलं होतं. माहीत असून आठ दिवसांत उरकायचं म्हणणारा मी होतो.

पण पाण्याचा प्रश्न तसाच होता आणि तो मी सोडवला, हेही सांगितलं पाहिजे. अठ्ठावीस दिवस थांबणं वेगळं आणि अठ्ठावीस दिवस पाणी मारणं वेगळं. भारतीय मानकाप्रमाणं साध्या सिमेंटला किमान ७ दिवस ओलावा लागतो. आपण सर्रास वापरतो त्या पीपीसीला किंवा कडक उन्हाळ्यात किमान १० दिवस आणि १४ दिवस दिले तर उत्तम. पुढं काँक्रीट आपलं आपण ताकद धरत राहतं, फक्त त्याच्यावर भार टाकायचा नाही. मी हे अण्णांना वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं आणि मान डोलावली. पाळ काढली, गोणपाटं ओली करून अंथरली, वर प्लास्टिक टाकून कडा विटांनी दाबल्या. सकाळ-संध्याकाळ चार-चार बादल्या पुरल्या. चौदा दिवस मी स्वतः त्या घातल्या. पुढचे चौदा दिवस पट्टा नुसता राहिला. मे महिन्याचा हप्ता आईनं साठवलेल्या पैशांतून गेला.

मेच्या अखेरीस फिटर परत आला. फोटो बघून सळया चुकवत खुणा केल्या. भोकं पाडून झाल्यावर अण्णांनी ब्लोअर मागवला आणि प्रत्येक भोकातली धूळ उडवून काढली. धूळ राहिली तर बोल्ट भोकाच्या भिंतीला न धरता भुकटीला धरतो. खांब उभे केले आणि अण्णांनी गवंड्याचा ओळंबा सोडला. एका खांबाच्या बुडाला पातळ पोलादी पट्ट्या सरकवल्यावर तो सरळ आला. बोल्ट टॉर्क रेंचनं पुस्तिकेतल्या आकड्याला आवळले, अंदाजानं नाही. मग दोर ताणून दोन्ही बाजू सारख्या केल्या. लिफ्ट रिकामी वर नेली, तेव्हा दोन्ही खांबांतून एकाच वेळी आवाज आला, खट्. पुन्हा, खट्. हा कुलुपाचा आवाज. तेल गळलं, पाइप फुटला, तरी गाडी या खटक्यावर अडते. म्हणून काम सुरू करायच्या आधी गाडी थोडी खाली घेऊन खटक्यावर टेकवायचीच. नुसत्या तेलाच्या भरवशावर खाली जायचं नाही.

पहिली आमचीच जुनी जीप चढवली. चाकं वीतभर सुटल्यावर अण्णांनी थांबवलं आणि गाडीला दोन्ही हातांनी हलवून बघितलं. टेकू नीट चेसिसला बसलेत का, वजन पुढं जास्त आहे की मागं, हे तिथंच कळतं. वीतभरावरून गाडी घसरली तर नुकसान होतं, माणसाच्या उंचीवरून घसरली तर माणूस जातो. मग पूर्ण वर नेली, खटक्यावर टेकवली आणि अण्णा म्हणाले, “चला घरी. रातभर राहू दे.”

सकाळी जीप जागच्या जागी होती. बोल्ट पुन्हा तपासले. दोन बोल्टांनी पाव-पाव आटा घेतला. आठवड्यानं परत तपासले, एकही हलला नाही.

त्या दिवशी क्लचच्या कामाला एक पिकअप आली होती. गिअरबॉक्स उतरवायचा होता. गिअरबॉक्स निघाला की वजन सरकतं, म्हणून मागं उंच घोडी लावली. अण्णांनी हाक मारली ती मला नाही, त्या पोराला. तो दोन वर्षांत पहिल्यांदा गाडीखाली गेला. झोपून नाही, उभा. वर बघत बघत तो हळूच हसला आणि म्हणाला, “अण्णा, मान दुखती की इथं.” पोरं हसली. अण्णा हसले नाहीत. ते खांबाला हात लावून उभे होते आणि शेवटचा नट निघेपर्यंत तिथून हलले नाहीत.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला. शेडबाहेरची काळी फुगली आणि दारातली जुनी फरशी बोटभर उचलली. आमचा पट्टा होता तसा होता. सकाळी मी गेलो तेव्हा अण्णा आधीच आले होते. खांबाला ओळंबा लावून बघत होते. दोरी थांबेपर्यंत दोघंही गप्प राहिलो.

मग त्यांनी ओळंबा गुंडाळून माझ्या हातात दिला. म्हणाले, “पुढच्या पावसात तू बघ.”