ऊस आपला, इथेनॉल आपलं, आणि अण्णांची राजदूत

करंजी घाटात अण्णांची राजदूत जाम झाली तेव्हा मागे कुणी बसलेलं नव्हतं, हे बरं झालं. नगरला निघालो होतो. चढावर आधी आवाज बदलला, मग ओढ गेली आणि मागचं चाक एकदम धरलं. क्लच दाबला म्हणून वाचलो. टू-स्ट्रोक चालवलेल्यांना कळेल मी काय म्हणतोय. न्यूट्रल करून उतारानं करंजीपर्यंत आणली आणि तिथून छोट्या हत्तीत घालून पाथर्डीला. (त्या रस्त्याबद्दल मी इथं आधी पुष्कळ लिहिलंय, आज नको.)

गाडी १९८५ ची. १७५ सीसी, पोलंडच्या एसएचएल एम-११ वर बेतलेली, एस्कॉर्ट्सनं इथं बनवलेली. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते आणि वाडीवस्तीवर जायला दुसरं काही टिकत नव्हतं म्हणून ही घेतली. धर्मेंद्रच्या जाहिरातीचा काही संबंध नाही, असं ते आजही सांगतात. आईचं मत वेगळं आहे.

गॅरेजवाल्या चाचांनी हेड काढलं. पिस्टनवर उभे ओरखडे, एक रिंग अडकलेली. कार्ब्युरेटरच्या वाटीत तपकिरी गाळ. पेट्रोलचा पाइप फुगून मऊ झालेला, नखानं दाबला तर खळगा तसाच राहिला. चाचा म्हणाले, "भाऊ, पेट्रोल बदललं, जेट तोच हाय. असं कुठवर चालंल?"

त्यांचं म्हणणं मी घरी येऊन वाचून तपासलं. बरोबर होतं. साध्या पेट्रोलच्या एका भागाला जळायला वजनानं साधारण १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९, कारण त्याच्या अंगातच ऑक्सिजन असतो. आजकालच्या गाड्यांमध्ये सेन्सर असतात, ते पेट्रोल वाढवून घेतात. राजदूतचा जेट म्हणजे पितळेतलं एक भोक, त्याला काय कळणार? तेवढंच पेट्रोल सोडतो, मिश्रण पातळ पडतं, इंजिन तापतं. आणि टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमधूनच येतं, म्हणजे पेट्रोल कमी तर वंगणही कमी. घाटाच्या चढावर व्हायचं ते झालं.

शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. टाकीत महिनोन्‌महिने पडून राहिलं तर पाणी धरून खाली बसतं आणि गंज वाढतो. टाकीत वर्षानुवर्षं चिकटलेला थरही ते सोडवतं, आणि तोच गाळ जाऊन जेट अडवतो. यातली चूक माझी, हेही कबूल करतो. गाडी पावसाळाभर अर्ध्या टाकीवर उभी ठेवली होती. सगळं पाप सरकारच्या पदरात घालायचं काही कारण नाही.

मग काम काढलं. बोअर करून वरच्या साइजचा पिस्टन, नव्या रिंगा. टाकी आतून धुऊन घेतली. इथेनॉलला टिकणारा पाइप, नवी फ्लोट पिन, मध्ये फिल्टर. मेन जेट एक नंबर मोठा टाकला, गाडी पळवून प्लग काढून पाहिला. पांढुरका निघाला, म्हणजे अजून पातळ. आणखी एक नंबर वाढवला तेव्हा कुठं कॉफीसारखा रंग आला.

अडलं ते इग्निशनवर. चाचांचा आग्रह, पॉइंट-कंडेन्सर काढून सीडीआय बसवू, ६ व्होल्टचं १२ करू. पॉइंट घासत नाहीत, टायमिंग हलत नाही, हेडलाइटसुद्धा उजेड देतो. अण्णा तयार होईनात. पॉइंटची फट ते सिगारेटच्या पाकिटाच्या कागदानं लावायचे. सिगारेट कधी ओढली नाही, पाकीट पानटपरीवरून मागून आणायचे. दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "घाटात रात्री बंद पडली तर तुला ती फट लावता येईल का?" येत नाही. सीडीआय बसला.

सगळं मिळून साडेनऊ हजार गेले. माझं ठीक आहे, हौस म्हणून केलं. पण आपल्या तालुक्यात राजदूत, यझदी, एम-८० वर आजही दुधाचे कॅन जातात. त्यांना हे कुणी सांगितलं? १० टक्के इथेनॉल जून २०२२ ला गाठलं, फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्क्यांचं पेट्रोल सुरू झालं आणि २०२५ पर्यंत सगळीकडे तेच. जुन्या दुचाकींचं मायलेज ३ ते ४ टक्के घटेल असं नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच आहे. काही रबरी भाग बदलावे लागतील हे मंत्रालयही मान्य करतं. दुसऱ्या पेट्रोलचा पर्याय ठेवा म्हणणारी याचिका सर्वोच्च न्यायालयानं १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली. पंपावर नळी एकच.

आता गंमत बघा. आपला तालुका ऊसतोडीचा. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात, मुलंबाळं, शेळ्या, भांडीकुंडी ट्रॉलीत घालून. त्यांनी तोडलेल्या उसाच्या मळीतून आणि रसातून निघालेलं इथेनॉल पंपावर येतं आणि त्यांच्याच जुन्या गाडीचा पाइप फुगवतं. मी इथेनॉलच्या विरोधात नाही. कारखान्याच्या हातात पैसा आला तर उसाचं बिल वेळेवर निघतं, हे आपण इथं बघतो. पण देशाचं परकीय चलन वाचणार असेल, तर दूधवाल्याचा जेट त्यानं स्वतःच्या खिशातून का बदलायचा? निदान पंपावर मोठ्या अक्षरात टक्केवारी लिहा, आणि आयटीआयमध्ये गॅरेजवाल्यांना एक दिवस बोलावून शिकवा. मागणी एवढीच आहे.

कुणी म्हणेल, विंटेज म्हणून नोंदवा. त्याला ५० वर्षं लागतात, राजदूतला अजून अवकाश आहे. २०२१ च्या नियमांत पहिल्या नोंदणीची फी २० हजार, नेहमीच्या वापराला बंदी, आणि गाडी मूळ रूपातच हवी, इंजिनमध्ये फेरफार चालत नाही. म्हणजे पेट्रोलसाठी बदल करावा, तर तो मान गेलाच. आमच्यासाठी नेहमीची वाट: २० वर्षांवरच्या दुचाकीच्या नूतनीकरणाची फी ऑगस्ट २०२५ पासून २ हजार, वर पर्यावरण कर, वर नवी नंबरप्लेट.

गेल्या रविवारी अण्णांना मागे बसवून घाट चढलो. वर पोहोचल्यावर त्यांनी गाडी बंद करायला लावली आणि स्वतः किक मारली. पहिल्या किकला सुरू झाली. काही बोलले नाहीत. परत आल्यावर चाचांकडे जाऊन काढलेले जुने पॉइंट मागून घेतले, ते आता त्यांच्या चष्म्याच्या डबीत आहेत.